छोटा हत्ती घ्यावा की मोठा पिकअप?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर वर्तमानपत्रांच्या वाहनखरेदी पुरवण्या निघतात. मालवाहू पिकअपच्या तक्त्यात किंमत, मासिक हप्ता, मायलेज आणि पेलोड (गाडी किती वजन उचलते ते) असे चार रकाने असतात. काटोल-नरखेडचा संत्रा बागायतदार असो की नागपूरच्या इतवारीचा किराणा व्यापारी, चौथा रकाना वाचून गाडी बुक करतो आणि घोळ तिथेच होतो. या चौथ्या रकान्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्याकडे निवड साधारण दोन गटांत असते. एकीकडे पाऊण टनाच्या आसपासच्या छोट्या गाड्या. २००५ साली टाटा एस आली आणि 'छोटा हत्ती' हे नाव सगळ्या गटालाच चिकटले. मारुतीची सुपर कॅरी, महिंद्राची जीतो त्याच पंगतीतल्या. दुसरीकडे सव्वा ते दोन टनांचे पिकअप: बोलेरो, योद्धा, दोस्त, इंट्राची वरची मॉडेल्स. किमतीतला फरक हप्त्यात वाटून गेला की डोळ्यांत खुपत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक एक तर 'घेतोच आहे तर मोठी घे' म्हणते, नाही तर छोटी घेऊन तिच्यावर मोठीचा माल लादते. दोन्हींत खिशाला चाट बसते, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी.

पेलोड म्हणून छापलेला आकडा म्हणजे तेवढा माल, असे नव्हे. आरसीवर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे अशी दोन वजने असतात. त्यांची वजाबाकी म्हणजे गाडीला जे काही उचलायचे आहे ते सगळे. रिकाम्या वजनात चालक-क्लीनर धरलेले नसतात. नंतर बसवलेली लोखंडी जाळी, ताडपत्री, दोर, हौद्यात (माल ठेवायच्या मागच्या भागात) टाकलेला जाड पत्रा, हे सगळे मालाच्या वाट्यातून जाते. सीएनजी मॉडेलमध्ये टाक्यांचे वजन मुळातच पेलोड खाते. डिझेल आणि सीएनजी गाडीच्या पेलोडचे आकडे शेजारी ठेवून पाहिले की कळते.

संत्र्याचेच उदाहरण घ्या. प्लास्टिकचे क्रेट, बाजारात ज्याला सगळे कॅरेटच म्हणतात, ते साधारण ५४० बाय ३६० मिमीचे असते आणि फळ भरल्यावर स्वतःच्या वजनासकट २२ किलोच्या घरात जाते. एसचा हौदा २२०० बाय १४९० मिमीचा. लांबीत चार, रुंदीत चार, म्हणजे एका थराला १६ कॅरेट चपखल बसतात. ७५० किलो पेलोडला २२ ने भागले की ३४ येतात. आता ६५ किलोचा चालक आणि ६० किलोची जाळी वजा करा. उरले ६२५ किलो, म्हणजे २८ कॅरेट. पहिला थर पूर्ण, दुसऱ्या थरात १२, आणि फाळक्याकडची (हौद्याच्या मागच्या दाराकडची) एक ओळ मोकळी. गाडी नियमाप्रमाणे भरली आहे. पण बघणाऱ्याला ती अर्धी रिकामी दिसते, कारण जाळीची उंची अजून दोन थरांची असते. वावरातून निघताना 'एवढी जागा आहे, टाक अजून १६' म्हणणारा कोणीतरी असतोच. तो तिसरा थर आणि दुसऱ्यातल्या राहिलेल्या चार मिळून २० कॅरेट, म्हणजे ४४० किलो जास्तीचे झाले.

मोठ्या पिकअपचा हौदा साधारण ९ फूट बाय साडेपाच फूट धरा. कॅरेट आडवी लावली तर लांबीत सात, रुंदीत तीन, एका थराला २१. गाडीचा पेलोड १३०० किलो असेल आणि त्यातून चालक, क्लीनर व मोठी जाळी मिळून २२० किलो गेले, तर १०८० किलो उरतात. म्हणजे ४९ कॅरेट: दोन थर पूर्ण आणि तिसऱ्यात सात. ती सात केबिनला टेकवून ठेवायची, फाळक्याकडे नाही. मागच्या ॲक्सलच्या मागे पडलेले वजन पुढची चाके उचलायला बघते. स्टीअरिंग हलके लागते, रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आता डिझेल. काटोलकडून नागपूरच्या कळमना बाजारात जाऊन-येऊन १४० किलोमीटर धरू, डिझेल ९२ रुपये, छोटी गाडी लिटरला १८ आणि मोठी १३ किलोमीटर देते असे धरू. आपापले आकडे घालून हिशेब बदलता येईल. छोटीला ७१६ रुपयांचे डिझेल लागते, २८ कॅरेटवर वाटले तर कॅरेटमागे साडेपंचवीस रुपये. मोठीला ९९१ रुपये, ४९ कॅरेटवर वीस रुपये. पण मोठीत २८ च कॅरेट नेली तर खर्च पस्तीस रुपयांवर जातो. पूर्ण भरलेल्या छोटीशी बरोबरीची रेषा ३९ कॅरेटवर येते. ज्याच्या बहुतेक फेऱ्या ३९ च्या वर असतात त्याला मोठी परवडते. ज्याच्या २८ च्या आत बसतात त्याला छोटी. वर्षातून वीस दिवस आंबिया बहाराची तोडणी जोरात असते म्हणून उरलेले दिवस मोठी गाडी अर्धी रिकामी पळवण्यात अर्थ नाही. त्या वीस दिवसांसाठी भाड्याची गाडी लावणे स्वस्त पडते. उलट, रोज दोन फेऱ्या कराव्या लागत असतील तर डिझेलबरोबर चालकाचा दिवस आणि बाजारातली लिलावाची वेळ हेही धरावे लागते. दुसरी फेरी लिलाव आटोपल्यावर पोचली तर तिचा भाव वेगळाच असतो.

माल कोणता, यावर सगळे उलटेपालटे होते. सिमेंटची गोणी ५० किलोची. छोट्या गाडीत १२ गोण्या म्हणजे जेमतेम एक थर आणि गाडी वजनाने संपली. रेतीचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, वजन साधारण साडेचार टन. 'अर्धा ब्रास टाकून दे' असे ज्याला सहज सांगितले जाते तो दोन टनांच्या पिकअपवरसुद्धा जास्तीचा माल आहे. पाव ब्रासच सव्वा टनाच्या जवळ जातो, आणि रेती ओली असेल तर त्याहून अधिक. पाण्याचे तर विचारूच नका. उन्हाळ्यात हजार लिटरची टाकी बांधून फिरणाऱ्या छोट्या गाड्या शहरात कितीतरी दिसतात. हजार लिटर म्हणजे हजार किलो, शिवाय टाकी. टाकी अर्धी भरली तर वजन बसते, पण ब्रेक मारला की पाणी पुढे धावते आणि वळणावर एका बाजूला जाते. ५०० लिटरची पूर्ण भरलेली टाकी हजारच्या अर्ध्या भरलेल्या टाकीपेक्षा कितीतरी शांत चालते.

याच्या उलट कुटार (भुसा), कापसाची गाठोडी, फोमच्या गाद्या, रिकामे कॅरेट. इथे वजन कधी भरतच नाही, जागा आधी संपते. अशा मालाला जास्त टनाची गाडी लागत नाही, लांब हौद्याची लागते. एकाच कंपनीत एकाच टनाला दोन हौदे मिळत असतील तर लांब घ्यावा. छोट्या गाडीवर कापूस उंच रचला तर तिची चाकाचाकांतली रुंदी कमी असल्याने बाहेरच्या रिंगरोडवर बाजूच्या वाऱ्याला ती डुलते, आणि शेजारून ट्रेलर गेला की चालकाला ते बरोबर कळते.

प्लायवूड आणि सनमायकाचा धंदा करणाऱ्यांसाठी एक मोजमाप: आठ बाय चार फुटांची शीट २४४० मिमी लांब असते. एसच्या हौद्यात ती रुंदीला बसते, लांबीला नाही. २४० मिमी बाहेर राहते, फाळका उघडा ठेवावा लागतो आणि शीटचे कोपरे खड्ड्यागणिक झिजतात. ९ फुटी हौद्यात तीच शीट फाळका लावून आडवी झोपते. ठिबकचे २० फुटी पाइप आणि सळाखा दोन्ही गाड्यांत बाहेरच येतात. त्यांच्यासाठी पिकअप नको, मोठी गाडी बोलवा.

गल्लीचा प्रश्न छोट्या गाडीच्या बाजूने सुटतो. एस ३८०० मिमी लांब आणि १५०० मिमी रुंद, वळणाची त्रिज्या ४.३ मीटर. इंट्रा व्ही ३० ची लांबी ४४६० मिमी, त्रिज्या ५.२५ मीटर. बोलेरोसारखे लांब नाकाचे पिकअप याहूनही जास्त जागा मागतात. कागदावर मीटर-दीड मीटरचा फरक. पण मस्कासाथेत किंवा गांधीबागेत सकाळी अकरा वाजता, एका बाजूला हातगाड्या आणि दुसऱ्या बाजूला उभ्या दुचाक्या असताना, छोटी एका दमात वळते आणि मोठीला तीनदा पुढे-मागे करावे लागते. तेवढ्यात मागे हॉर्नची रांग लागते. शिवाय छोटीचा हौदा जमिनीपासून कमी उंच असल्याने एकटा माणूस गोणी खांद्यावरून सरळ ठेवू शकतो. ज्याचा माल शहरात दहा दुकानी वाटायचा आहे त्याने टनाआधी ही उंची बघावी.

पांदण रस्त्यावर मात्र छोटीचे १२ इंची चाक कमी पडते. पावसाळ्यात काळ्या मातीत ते रुतले की पोट टेकते. मोठीचे त्याहून मोठे चाक निभावून नेते, पण तेही पूर्ण खरे नाही: रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजनच नसते आणि जोर त्याच चाकांना असतो, म्हणून रिकामी मोठी गाडीसुद्धा ओल्या धुऱ्याजवळ (बांधाजवळ) जागच्या जागी चाक फिरवत बसते. ज्यांचे वावर पक्क्या रस्त्यापासून आत आहे त्यांनी चारही चाकांना जोर असलेली मॉडेल्स जरूर पाहावीत. बोलेरो आणि योद्धामध्ये ती मिळतात. छिंदवाड्याकडे सिल्लेवानी घाटातून माल नेणाऱ्यांनी मोठेच इंजिन घ्यावे, तिथे छोटीचा क्लच पूर्ण वजनावर फार काळ टिकत नाही.

कागदपत्रांचा भाग गाडी बुक करण्याआधी समजून घ्यायला हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार ३००० किलोपर्यंत एकूण (भरलेल्या) वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. म्हणूनच कितीतरी पिकअपचे एकूण वजन तीन हजारांच्या काठावर पण आत ठेवलेले असते. इंट्रा व्ही ५० चे २९४० किलो आहे. दोन टन माल नेणारे पिकअप ही रेषा ओलांडतात आणि परमिटचा खर्च व नूतनीकरण मागे लागते. थोडक्या जास्त पेलोडसाठी ही रेषा ओलांडायची का, याचा विचार शोरूममध्ये सहसा कोणी करायला लावत नाही.

टोलवरही फरक आहे. फास्टॅगच्या वर्गवारीत टाटा एससारख्या लहान मालवाहू गाड्या कारच्या वर्गात येतात, मोठे पिकअप हलक्या व्यावसायिक वाहनांत. २००८ च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांत कारचा मूळ दर किलोमीटरला ६५ पैसे आणि हलक्या व्यावसायिक वाहनाचा १ रुपया ५ पैसे होता. दर वाढत गेले तरी दीडपटीहून जास्तीचे हे प्रमाण कायम आहे. रोज महामार्गावर असणाऱ्याने वरच्या डिझेलच्या हिशेबात हेही मिळवावे. टॅग कोणत्या वर्गाचा दिला हे घेतानाच तपासा. छोट्या गाडीला मोठ्या वर्गाचा टॅग लागला तर प्रत्येक नाक्यावर जादा पैसे कटत राहतात.

विम्यात गंमत उलटी आहे. थर्ड पार्टी विम्यासाठी चारचाकी मालवाहू वाहनांचा ७५०० किलोपर्यंत एकच टप्पा आहे. २०२२ च्या दरपत्रकात त्याचा वार्षिक हप्ता १६,०४९ रुपये ठेवला गेला. म्हणजे पाऊण टनाची गाडी आणि दोन टनांची गाडी, दोघींना तोच आकडा. छोटीला तो टोचतो. परवान्याबाबत ६ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शंका उरलेली नाही: हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्याला ७५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते. फिटनेस दोन्हींना सारखेच, पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी.

जादा वजनाचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २ हजार असा आहे, आणि जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. बाजूने, मागे किंवा उंचीला माल बाहेर काढला तर वेगळे २० हजार. पण दंड कधीतरी होतो, गाडीची झीज रोज होते. म्हणून 'पाटा चढवणे' (मागच्या स्प्रिंगला जादा पट्टी टाकणे) या आपल्याकडच्या आवडत्या उपायाबद्दल थोडे जास्त लिहितो.

मागे एक जादा पाटा टाकला की गाडी खाली बसत नाही आणि मालकाला वाटते, गाडीची ताकद वाढली. वाढतो तो फक्त स्प्रिंगचा ताठपणा. ॲक्सलचे हाउसिंग, बेअरिंग, रिम, टायर, ब्रेकचे लायनर आणि क्लच प्लेट होते तेवढ्याच वजनाचे राहतात. आधी पाटे वाकून वाचवत होते तो धक्का आता सरळ चासीत जातो. केबिनच्या मागे, हौदा जिथे चासीला बसतो त्या भागात तडा दिसू लागतो. त्याहून वाईट ब्रेकचे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेली एक दांडी असते. चासी वजनाने किती खाली बसली हे ती दांडी एका व्हॉल्व्हला सांगते आणि त्यानुसार मागच्या ब्रेकला दाब मिळतो: रिकामी असेल तर कमी, भरलेली असेल तर जास्त. जादा पाट्याने मागची बाजू वर राहिली की व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते. दीड टन माल मागे आणि ब्रेक रिकाम्या गाडीचा. मग सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, ते तापतात, उतारावर पेडल खोल जाते. पाटा बदलायचाच असेल तर तो व्हॉल्व्ह पुन्हा सेट करून घ्या, आणि मेकॅनिकला ती दांडी माहीतच नसेल तर त्याच्याकडून पाट्याचे काम करू नका.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा टायर फुटण्याचे प्रकार वाढतात. दोष एकट्या उन्हाचा नसतो. कमी हवा आणि जास्त वजन यांनी टायरची बाजू सतत वाकते, आतून तापते, आणि वर सिमेंट रस्त्याची उष्णता. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी. दुपारी धावून आलेल्या टायरमध्ये हवा जास्त दिसते म्हणून ती काढणारे आहेत. संध्याकाळी तोच टायर कमी हवेवर चालतो. मागच्या चाकांचा दाब रिकाम्या आणि भरलेल्या गाडीला वेगळा असतो, तो मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.

यू-ट्यूबवर अमेरिकेतले पिकअप पाहून मत बनवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथे 'मिडसाइज' म्हणजे टॅकोमा, रेंजर. 'फुल-साइज' म्हणजे एफ-१५०, सिल्व्हराडो. आपल्याकडे २०२२ पासून मिळणारी ५३२५ मिमी लांबीची हायलक्स तिथल्या मिडसाइजच्या मापाची आहे. अश्वशक्ती आणि ट्रेलर ओढण्याचे तिथले हिशेब इथे लागू होत नाहीत. पण तिथल्या गाडीच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळी-पांढरी पट्टी असते, तिच्यावर माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल हा एकच आकडा लिहिलेला असतो. माणसे त्यातच. पाच सीटच्या पिकअपमध्ये तुमच्या घरची पाच माणसे बसली की हौद्यातले साडेतीनशे किलो तिथेच संपले, हे इथेही खरे आहे.

जुनी गाडी घेणाऱ्याने इंजिनचा आवाज ऐकण्याआधी मागे वाकून पाटे मोजावेत. कंपनीच्या संख्येपेक्षा एक जास्त असेल तर ती गाडी काय उचलत आली हे समजले. चासीवर ताजा काळा रंग असेल तर नखाने खरवडून वेल्डिंग दिसते का बघा. भाजी-फळे वाहिलेल्या गाडीचा हौदा खालून गंजतो, वरून नव्हे; पत्र्याखाली बोट घालून दाबून पाहावे.

नवी गाडी हौदा-जाळीसह तयार झाली की टाकी भरून, स्टेपनी, जॅक, ताडपत्री, दोर, चालक आणि क्लीनरसह धरमकाट्यावर न्या. आरसीवरच्या भरलेल्या वजनातून काट्याचा आकडा वजा करा आणि उत्तर हौद्याच्या आत रंगाने लिहून ठेवा. पहिल्यांदा नेहमीचा माल भरला की पुन्हा काट्यावर जा आणि फक्त मागची चाके चढवूनही वजन घ्या. एकूण आकडा नियमात असूनही मागच्या ॲक्सलवर मर्यादेपेक्षा जास्त वजन पडलेले अनेकदा सापडते, आणि ते माल पुढे सरकवून सुटते.

आपल्या पुढच्या पुरवणीत पिकअपचा तक्ता द्याल तेव्हा तीन रकाने वाढवावेत ही विनंती: रिकाम्या गाडीचे वजन, एकूण वजन ३००० किलोच्या आत की बाहेर, आणि हौद्याची आतली लांबी-रुंदी. जागा कमी पडत असेल तर हप्त्याचा रकाना काढला तरी चालेल. तो आकडा शोरूमवाले न विचारता सांगतात.

आपला,
एक वाचक, वाडी, नागपूर